पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, म्हणून कागदावरच घालतो). तुमची साखर आणि वहिनींची कंबर ताब्यात असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे, डोकं मात्र नाही. पत्र पूर्ण वाचा आणि वकिलाकडे चाळीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या नात्याने सांगा, या लोकांना कोर्टात खेचता येईल की नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या भागात दहा वर्षांपूर्वी धुळीशिवाय काही नव्हतं. आता पाच कारखाने झाले, इमारतींवर इमारती झाल्या. पण शेजारच्या दारातला माणूस कोण, हे कुणाला माहीत नाही. सगळेच बाहेरचे! या सगळ्यांचं म्हणून एक काहीतरी असावं, यासाठी व्यावसायिक फुटबॉल क्लब काढायचं माझ्याच डोक्यात आलं. (टाइल्सवाले अध्यक्ष आता स्वतःचं नाव पुढे करतात. त्यांनी फक्त बाथरूमच्या फरशा दिल्या.) सचिव अर्थातच मी. इथे येण्याआधी गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद तीस वर्षं सांभाळलेला माणूस दुसरा होता कोण? लीगवाल्यांनी क्लबची घटना मागितली, तेव्हा आमच्या त्या जुन्या संस्थेचे पोटनियम घेतले, 'सदनिका' खोडून 'मैदान' लिहिलं आणि चौसष्ट कलमं एका बैठकीत उरकली. तेव्हा सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या आणि आज माझ्या नावाने खडे फोडतात.

पहिल्याच सामन्यात एक-एक अशी बरोबरी होती. आमचा मुख्य आक्रमक (पूर्वी वेल्डर होता, अजूनही सगळे त्याला वेल्डरच म्हणतात) साठाव्या मिनिटाला लंगडू लागला. प्रशिक्षकाने त्याच्या जागी बदली खेळाडू उभा केला. वेल्डर जागचा हलेना. म्हणाला, "नोटीस कुठाय?" बरोबरच होतं त्याचं! कलम एकतीस: कोणत्याही सदस्यास पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी दिल्याखेरीज स्थानावरून हटवता येणार नाही. मी घटना घेऊन मैदानाच्या रेषेपर्यंत गेलो आणि पंचांना कलम वाचून दाखवलं. (रेषा ओलांडली नाही. अर्धा बूट गेला असेल.) पंचाने मला पिवळं कार्ड दाखवलं. मला! तीस वर्षांत साधा मेमो नाही मिळाला हो! वेल्डर शेवटपर्यंत एका पायावर खेळला आणि आम्ही चार-एकने हरलो. प्रेक्षक तेव्हापासून मला 'पंधरा दिवस' म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात टाइल्सच्या दुकानात, कमोडांच्या रांगेपुढे, समितीने सात मिनिटांत मला सचिवपदावरून काढलं. ना नोटीस, ना म्हणणं मांडायची संधी! चोराला सुद्धा दोन शब्द बोलू देतात, दादा. मला फार लागलं. स्वतः उभारलेल्या घरातून हात धरून बाहेर काढावं तसं वाटलं.

तुमचा धाकटा.

ता. क. : कोर्टाचं तूर्त राहू द्या. कागदपत्रं लावताना समितीची नोटीस सापडली. पहिल्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशीची आहे. 'मिळाली' म्हणून खाली माझीच सही आहे. आलेल्या कागदावर सही करून फाइलला लावायचं, वाचायचं सवडीने, ही जुनी सवय.

आणखी एक : गेल्या रविवारी तिकीट काढून गर्दीत जाऊन बसलो. त्यांनी वेल्डरला अर्ध्या मिनिटात बाहेर घेतलं. कसली नोटीस नि कसलं काय! बदली आलेल्याने गोल केला आणि आपण जिंकलो. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. मी पण मारली. रडू आलं, खोटं कशाला सांगू? आता येत्या रविवारी आमची ही बरोबर यायचं म्हणते. मी अजून सचिवच आहे अशी तिची समजूत आहे. तेव्हा शनिवारीच या आणि सामन्याला आमच्या दोघांच्या मध्ये बसा. सचिव गर्दीत का बसलाय असं तिने विचारलं, तर थोरले म्हणून उत्तर तुम्ही द्या.