माडीवरचं मौन

आदरणीय मदर, म्हणजे माझी चिमणी,

(तुला आता लहानथोर सगळेच मदर म्हणतात, पाकिटावर मीही तसंच लिहिलंय, आत मात्र तू चिमणीच.) प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो, आणि तुझ्या गुडघ्यांबरोबरही. प्रार्थनेला अजून खाली बसतेस, की माझ्यासारखी खुर्चीवरूनच देवाची माफी मागतेस? माझं ठीक आहे. हे गेल्यापासून घरातली घड्याळं जरा मोठ्याने चालतात, एवढंच.

तुझ्या आश्रमात येऊन तीन दिवस देवाजवळ एकटीने बसावं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तू कळवलंस, आधी घरीच एक दिवस मौन धरून बसून बघ. बसले. त्याचीच ही हकिकत.

तयारीतच मला इतकं सुख झालं की एकांतवास नाही झाला तरी चालेल असं वाटू लागलं. माडीवरची खोली निवडली. (प्रभूनेही शेवटचं जेवण माडीवरच घेतलं, तेव्हा जागा बरी असावी.) तिथे रिकाम्या बॅगा, शिवणयंत्र आणि मुलाचा पाळणा आहे. खिडकीतून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. वारा भरला की त्या आपल्या शाळेतल्या सिस्टरांसारख्या रांगेने प्रार्थनेला निघतात. विणकाम वर नेलं, मग खाली आणलं (देव बोलायला लागला आणि मी टाके मोजत बसले तर?), मग पुन्हा वर नेलं (नाही बोलला तर?).

आता चूक कुठे झाली ते सांगते. उपास करणाऱ्याने तोंड उतरवून मिरवू नये, असं आपल्याला शिकवलं होतं. म्हणून मी घरात कोणाला काही सांगितलंच नाही. सकाळी चहा घेतला, बायबल काखेत मारलं, आणि आपल्या मुख्य सिस्टर हसायच्या तसं सुनेकडे बघून हसत जिना चढले. आदल्या संध्याकाळी तिने यांची आरामखुर्ची न विचारता व्हरांड्यात हलवली होती. मी ते विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती. सासू बोलत नाही, नुसती हसते आणि दार लावून घेते, याचा अर्थ जगातल्या कुठल्याही सुनेने एकच लावला असता. माझं मौन तिच्या लेखी अबोला ठरलं.

सुरुवात फार सुंदर झाली. ऊन हळूहळू जमिनीवर सरकत होतं, आणि मला आपल्या चॅपलमधल्या मेणाचा आणि ओल्या गणवेशांचा वास आला. शेजारी तू पेंगत होतीस. देव आला होता की मलाही डुलकी लागली होती, ते नक्की सांगता येणार नाही. पण खोलीत कोणीतरी होतं.

मग दार वाजलं. "आई, खुर्ची परत आत ठेवली हं." मी मान हलवली. "रागावलात ना?" मी पुन्हा ते पवित्र हसू हसले. तिथेच तिचा धीर सुटला. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तिने सगळं ओकून टाकलं: निळा काचेचा जग मांजराने नव्हे, तिनेच फोडला होता, आणि माझं सूप भांडी विसळल्याच्या पाण्यासारखं लागतं असं ती आपल्या आईला फोनवर सांगते. मी आशीर्वादाला हात वर केला. तिला वाटलं, मी 'पुरे' म्हणते. ती रडत खाली गेली. (फादर हे रोज कसं ऐकतात कोण जाणे.)

तिने मुलाला बोलावून घेतलं. तो खांद्यावरची ऑफिसची बॅगही न काढता आला आणि शिवणयंत्राच्या स्टुलावर बसला. "आई, तुला कळलं ना? अगं, मी सांगणारच होतो." मला काहीच कळलेलं नव्हतं. त्याने दूरदेशी नोकरी घेतली आहे. दोघंही जाणार आहेत. वर्षभरासाठीच, म्हणाला, आणि ते म्हणताना खिडकीबाहेर बघत होता. लहानपणी खोटं बोलताना असंच बघायचा. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार. पण काहीतरी बोल ना गं!"

नियम मोडू नये म्हणून मी गप्प राहिले, असं तुला लिहिलं असतं. पण चिमणे, शब्दच फुटेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस बापासारखेच विरळ होत चाललेत. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, मग धडधडत खाली गेला आणि बायकोला म्हणाला, "आई हो म्हणाली!" (दिवसभरात मी एवढंच बोलले, तेही न बोलता.)

मी पुन्हा डोळे मिटले. ज्या एकांतासाठी एवढी धडपड केली, तो आपल्या पायांनी घरी चालत येतोय, आणि मला भीती वाटली. देवाला म्हटलं, मला तुझ्याजवळ बसायचं होतं रे, पण खाली कोणीतरी भांडी आदळत असताना. तो काही बोलला नाही. खालून सून मात्र विचारत होती, मोठ्या बॅगा कुठे ठेवल्यात? त्या माझ्याच पाठीशी होत्या.

उद्या मी त्यांना तोंडाने, मोठ्याने, 'जा' म्हणून सांगणार आहे. तेवढं बळ मिळावं म्हणून प्रार्थना कर.

तुझीच,
शेवटच्या बाकावरची

ता. क. मी बागेच्या टोकाची, सगळ्यांपासून दूरची खोली मागितली होती. ती राहू दे. स्वयंपाकघराला लागून असलेली दे, जिथे भिंतीपलीकडे कोणी ना कोणी बडबडत असेल.

आणखी एक. एकांतवासाला जास्तीत जास्त किती दिवस राहता येतं? नियम असेल तर मोडू नकोस. फक्त, शाळेत तू बेरजेत कच्ची होतीस. माझे दिवस मोजताना तशीच राहा.