सुटणारा पट्टा

३ डिसेंबर, बुधवार
दादाचं तेरावं झाल्यावर आज पहिली ड्युटी. सिक्युरिटी कंपनीच्या मसाटच्या ऑफिसात सुपरवायझर चव्हाण म्हणाले, "वाईट झालं. पण तुझ्या भावानं रायफलचा पट्टा नीट घातला नव्हता."
रायफल गळ्यातून आडवी घालायची हा हुकूम ह्यांचाच. कुणी हिसकावू नये म्हणून. दादानं तशीच घातली होती. कॅश व्हॅनमधून उतरताना पट्टा दाराच्या कडीत अडकला आणि गाडी निघाली. मनुभाई चालवत होता.
मी रायफल एका खांद्यावर सुटी घेतली. चव्हाणांनी पाहिलं. "सोमवारपासून आडवी. नाहीतर घरी बस."

५ डिसेंबर, शुक्रवार
पट्टे बघत हिंडलो. चामड्याचा मजबूत, पण कडक. अडकला तर माणूस तुटेल, तो तुटणार नाही. कंपनीचा नायलॉनचा शर्टावरून घसरतो, सारखा खांदा उचलून धरावा लागतो. जाड सुती, तीन बोटं रुंद, तो जागचा हलत नाही. त्यातल्या त्यात बरा. पण गळ्यातून काढायला दोन्ही हात लागतात.
किलवणी नाक्यावर चपला शिवणाऱ्याला विचारलं, सुती पट्ट्याला कच्ची शिवण घालाल का, जोरात ओढला की उसवेल अशी.
"मग चोरानं ओढला तरी उसवेल की, भाऊ. बंदूक सांभाळायचीये का देऊन टाकायचीये?"
बरोबर बोलला. राग आला.

८ डिसेंबर, सोमवार
ड्युटी मनुभाईच्या गाडीवर. मुद्दाम लावली असणार. कंपनीचाच पट्टा आडवा घातला. उतरताना प्रत्येक वेळी कडीकडे बघत होतो.
दादरा गावापर्यंत एक शब्द नाही. परतताना तोच म्हणाला, "भाऊ, कुछ तो बोलो."
"गाडी चालव."
"मेरे को आरसामां दिसला नाय तो."
"मी विचारलं का?"
मनुभाईच्या गाडीवर आहे हे वहिनींना सांगितलं नाही. जेवायला रोज त्यांच्याकडेच असतो. दहाव्याला म्हणाल्या होत्या, त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा माझ्या घरात नको.

११ डिसेंबर, गुरुवार
सकाळी माझ्या सीटवर एक पट्टा ठेवलेला. सुती, हिरवा, रुंद. छातीवर येईल तिथे लोखंडी पिन आणि तिला रिंग. मनुभाईचा मेहुणा फॅक्टरीत फिटर आहे, त्याच्याकडून करून घेतला म्हणे.
"कोई हिसकेगा तो नहीं छूटेगा. आप रिंग खींचो, तो ही छूटेगा."
म्हणालो, "दादा होता तेव्हा कुठे होता हा?"
रस्त्यावरची नजर न काढता बोलला. उतरलेल्या गार्डनं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की गाडी काढायची, ही आमची पद्धत. त्या दिवशी त्यानं दोन ठोके ऐकले. म्हणून गिअर टाकला.
दादा कडीतून सुटायला धडपडत होता. रायफलचा दस्ता पत्र्यावर आपटत होता.
"मैं समझा, थाप मारली."
"पोलिसांना सांगितलंस हे?"
"नाय."
पट्ट्याला हात लावला नव्हता. उतरताना घेतला. का घेतला ते…

१४ डिसेंबर, रविवार
सुट्टी. खोलीतल्या हुकाला पट्टा टांगला. खाली पाण्यानं भरलेला कॅन. हिसके दिले, सुटला नाही. भिजवून दिले, तरी नाही. मग स्वतः लोंबकळलो आणि डाव्या हातानं रिंग ओढली. धाडकन खाली. कोपर सोललं. परत केलं. दर वेळी सुटला.
खोट काढायलाच बसलो होतो. पिन थोडी वाजते, तेवढीच. तिला कापडाची चिंधी गुंडाळली.
घरमालक खालून ओरडले, "घर पाडता का?"

१५ डिसेंबर, सोमवार
तो पट्टा घातला, आडवा. चव्हाण म्हणाले, "आठवडाभर आडवी घालतोयस, शहाण्यासारखा." काय बदललं ते त्यांना दिसलंही नाही.
दादरा गावात उतरलो. थाप मारायच्या आधीच मनुभाई स्वतः खाली उतरला, वळसा घालून आला, मी गाडीपासून लांब उभा आहे हे पाहिलं आणि मग परत जाऊन बसला. आतून कॅशियर म्हणाला, "आता काय आरती ओवाळतोस का त्याला?" मनुभाईनं त्याला गुजरातीत शिवी दिली. माझ्याकडे बघत होता. मी मान वळवली.
संध्याकाळी वहिनींकडे. ताट वाढून झालं होतं. भिंतीला टेकवलेल्या रायफलचा पट्टा त्यांनी हातात घेतला. रिंग ओढली. सुटला. परत लावला, परत ओढला.
"असा ह्यांच्याकडे असता तर, भाऊजी."
मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.
"कुठून आणला?"
नाक्यावरून, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.
"मनुभाईनं दिला," म्हणालो. दोन ठोक्यांचंही सांगितलं.
पट्टा रायफलवरून सोडवून, हातातच ठेवून त्या आत गेल्या. ताट उचललं नाही. जेवा, असंही म्हणाल्या नाहीत.