माझ्या लग्नपत्रिकेचा साचा

सर, तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं. सांगलीत तुमचं डीटीपीचं दुकान, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि तुम्ही स्वतःला डिझायनर म्हणवून घ्यायचात. कसले डिझायनर हो! लग्नपत्रिकेचा एक साचा कधीतरी बनवला होतात. वर गणपती, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', कडेनं वेलबुट्टी. गिऱ्हाईक आलं की नाव, तारीख, पत्ता बदलायचा आणि प्रिंट काढायची. मी पलूसहून एसटीनं कामाला यायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही बोट नाचवत सांगितलंत, "साच्याला हात लावायचा नाही. माझी सगळी अक्कल आहे त्यात." तेवढीच होती, हे मला महिन्याभरात कळलं.

एकदा पाइपांच्या दुकानाच्या उद्घाटनाचं कार्ड तुम्ही त्याच साच्यातून काढलंत आणि खाली 'वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत' तसंच राहिलं. दुकानदार लालबुंद होऊन आला. तुम्ही चहा मागवलात आणि हसत म्हणालात, "अहो, लोक वाचतात कुठं? रंग बघतात." तो बिचारा चहा पिऊन गेला. लाज मला वाटली. अक्षरांवर पोट भरणारा माणूस, आणि म्हणे लोक वाचत नाहीत!

मग माझं लग्न ठरलं. "पत्रिका माझ्याकडून आहेर," तुम्ही म्हणालात, आणि खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झाला. जेवणाच्या सुट्टीत बसून मी माझा वेगळा साचा बनवला. वर बुद्धाचं छोटं चित्र, खाली 'नमो बुद्धाय', मुहूर्ताच्या जागी नुसती वेळ, भोवती भरपूर मोकळी जागा. तुम्हाला दाखवून सांगितलं, "आवं सर, आमच्यात गणपती चालत न्हाई. आबांनी दीक्षा घेतलीय." तुम्ही मान डोलावलीत. आठवड्यानं गठ्ठा माझ्या हातात. वर गणपती, खाली श्रीकृपा, शुभमुहूर्तही. मी बघतच राहते. "फार मोकळं दिसत होतं गं," तुम्ही म्हणता, "म्हणून आपल्या साच्यात बसवलं. आता कसं, लग्नाचं कार्ड वाटतंय!" आणि शाबासकीची वाट बघत उभे. गणपतीशी माझं भांडण नव्हतं, सर. तुमच्या घरी तो सुखानं बसावा. पण माझ्या बापाच्या नावावर त्याला बसवणारे तुम्ही कोण?

आबा गवंडीकाम करायचे, चौथी शिकलेले. त्यांनी कार्डावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. लोक वाचतात कुठं, नाही का? लग्न तोंडावर आलेलं, पुन्हा छापायला सवड नव्हती. मी रडायला लागले. आबा म्हणाले, "रडू नगंस. ही कागदं कुणाच्या दारात जायची न्हाईत. मी तोंडानं सांगून येतो." काम बंद ठेवून सायकलवर गावोगाव हिंडले. साताऱ्याला आत्याकडं जायला मात्र त्यांना दिवस उरला नाही, निरोप धाडला. सख्ख्या भाचीच्या लग्नाचं साधं कार्ड न्हाई, म्हणून आत्या रुसली. लग्नाला आली नाही, पुढंही आमच्या उंबऱ्याला कधी आली नाही. आबा शेवटपर्यंत बहिणीची वाट बघत होते. हा तुमचा आहेर.

मी दुकानात परत आले नाही. आज मी साचेच बनवते, पुस्तकांचे. एकाच मजकुरातून छापायचं पुस्तक निघतं आणि मोबाईलवर वाचायचंही. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, तुम्हाला कसं हवं? एवढं विचारायला तुमची जीभ झिजली नसती. तुमच्याबद्दल मला आदर नाही, आणि मेलेल्या माणसाला बोलू नये वगैरे मला सांगू नका.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? म्हणून एक सांगून टाकते. दुकान टाकायला मला पलूसात, साताऱ्यात, कुठंही जागा मिळाली असती. मी हट्टानं तुमच्या गल्लीत, तुमच्या बरोबर समोर घेतली. रोज शटर उघडताना माझं काम तुमच्या डोळ्यांत खुपावं, आणि एकदा तरी रस्ता ओलांडून येऊन तुम्ही म्हणावं, चांगलं केलंयस पोरी. भिंतींना रंग लावायच्या आधीच तुम्ही गेलात. पत्रिकेपेक्षा मला त्याचाच राग जास्त आहे.