उलटा वाळवलेला शर्ट

बाबा, आज रविवार. सकाळी पोरीचा शाळेचा शर्ट झटकायला अंगणात गेले आणि आपोआप वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. मग लक्षात आलं की ही उभं राहायची पद्धत माझी नाही, तुमची आहे. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. तुमचा चेहरा आठवायला आता मला भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं, आणि फोटोत तुम्ही उगाच साहेबासारखे बसलेले आहात, त्यामुळे तोही फारसा कामाचा नाही. पाठ मात्र जशीच्या तशी आठवते. पांढरं बनियन, खांद्यावर टॉवेल, दोन्ही हातांत माझा शर्ट खांद्याच्या शिवणीला धरलेला, आणि फट, फट, फट. दर झटक्याला एक करडा ढग निघतो आणि माजरीच्या दुपारच्या उन्हात तरंगत राहतो. मी दारात बसून तो ढग कुठे जातो ते बघते आहे. तो कुठेच जात नाही. जरा वर चढतो, थांबतो, आणि मला वाटतं की आता ह्याच्यावर बसून कुठेतरी जाता येईल. इतक्यात तुम्ही वळून म्हणता, "तोंड मिटून बस व बाई, कोळसा पोटात जाईन."

आईला साबण सोसत नव्हता. कपडे धुतले की तिच्या बोटांची सालं निघायची, पीठ मळताना ती ओठ चावायची. म्हणून घरातलं धुणं तुमच्याकडे आलं. कोळशाच्या खाणीतल्या पहिल्या पाळीवरून यायचं, स्वतःचं अंग घासायचं, आणि मग माझा एकुलता एक शाळेचा शर्ट घेऊन कॉलनीच्या नळावर बसायचं. नळावरच्या बायांना आधी हसू आवरत नसे. एक जण तर रोज विचारायची, "काय जी भाऊ, आज शर्टच काय? लुगडं नाई आणलं?" तुम्ही मान वर न करता उत्तर द्यायचा, "लुगडं तुमचं द्या ना, तेही धुऊन देतो." आणि त्या पदर तोंडाला लावून पळायच्या. चार महिन्यांत त्याच बाया तुम्हाला विचारायला येऊ लागल्या की भाऊ, तुमच्या पोरीचा शर्ट काळा काऊन नाई पडत. तुम्ही अगदी मास्तर होऊन सांगायचा. कोळसा कोरडा असतो तोवर पाहुणा असतो, ओला झाला की घर करतो. म्हणून आधी झटकायचा, मग पुन्हा झटकायचा, पाणी सगळ्यात शेवटी. कॉलरला ब्रश उभा मारायचा, आडवा नाही. निळीचं एकच बोट. आणि वाळवायचा तो उलटा करून, म्हणजे वरून जे काही पडेल ते आतल्या बाजूला पडेल, जगाला दिसायची बाजू साफ राहील.

उलटा करूनही तुमचं समाधान व्हायचं नाही. तारेच्या वर, कडुनिंबाच्या फांदीपासून भिंतीच्या खिळ्यापर्यंत तुम्ही आईचं एक जुनं, विरलेलं पातळ ताणून बांधलं होतं. त्याच्याखाली माझा शर्ट. धूळ पातळावर पडायची आणि ऊन गाळून खाली यायचं. मूळचं ते पातळ आंब्याच्या कोयीसारखं पिवळट होतं म्हणे, माझ्या आठवणीत ते धुराच्या रंगाचंच आहे. दुपारी मी त्याच्याखाली गोधडी टाकून पडायची. वर शर्ट हलतो आहे, बाह्या उघडतात, मिटतात. लांबून खाणीतल्या सुरुंगाचा आवाज येतो आणि भांड्यांच्या फळीवरचे पेले एकदम किणकिणतात. शर्ट जरासा पोट फुगवतो. मला झोप लागते, आणि झोपेतही तो शर्ट माझ्या वर हलतच असतो, फक्त आता तो खूप मोठा झालेला आहे आणि त्यात तुम्ही, आई, मी, नळ, सगळे मावतो. इतकी शांत झोप मला नंतर कधी लागली नाही, हे मी नवऱ्यालाही सांगत नाही, तो उगाच वाईट वाटून घेईल.

तो वरोऱ्याला असतो, कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो, पंधरा दिवसांनी येतो. मी इथे, गडचिरोलीकडच्या ह्या गावात, सरकारी दवाखान्यात औषधं देते. गाव चांगलं आहे. मागे साग आहे, मोह आहे, दोन कोसांवर नदी आहे. समोर रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून सूरजागडच्या डोंगराकडून खनिजाचे ट्रक येतात. म्हणजे धुळीने काही माझी पाठ सोडली नाही, फक्त रंग बदलला. ही धूळ लाल आहे. संध्याकाळी उन्हं कलली की ती रस्त्यावर उभी राहते आणि पलीकडचं चहाचं दुकान, पिंपळ, सायकलवरची माणसं, सगळं गुलाबी पाण्यातून चालल्यासारखं दिसतं. सुंदर दिसतं हो, खोटं कशाला बोलू. फक्त त्या पाण्यातून माझी पोर शाळेतून येते आणि तिच्या अंगावर पांढरा शर्ट असतो.

ती पहिलीत आहे. शाळा उघडली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते. माजरीची पोरगी मी, धुळीला काय भिणार! झटकला, ब्रश उभा मारला, नीळ दिली, उलटा वाळवला. शर्ट फिकट लालच राहिला. मग मला चेव आला. ब्लिचिंग पावडर आणली, बादलीभर बोअरच्या पाण्यात कालवली आणि शर्ट बुडवून ड्यूटीवर गेले. परत आले तर शर्ट पाठीवर असा पिवळा पडलेला की हळदीच्या मांडवातून उठून आलाय असं वाटावं. तुमच्या कोळशाला जे काही चाललं असतं ते इथे चालेना. औषधांच्या बाटल्यांमध्ये दिवस काढणाऱ्या बाईला एवढं कळू नये! कळवलं कुणी, तर दारावर मासे विकायला येणाऱ्या बाईने. तिचं घर नदीवर पोट भरणारं. टोपली उतरवून तिने शर्ट बोटांनी चाचपला आणि मला म्हणाली, "मॅडम, काऊन ह्याच्या मागं लागल्या? कोळसा नोहे हा, लोखंड आहे. लोखंडाले आंबट लागते. आमच्या डोंग्याचे खिळे गंजले का लुगड्याले असेच डाग पडते. निंबू चोळा, मीठ चोळा अन उन्हात टाकून द्या." पिवळा झाला तो कामातून गेला होता, पण पुढच्या शर्टांचे डाग खरंच निघाले. त्या दिवशी मी तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त मासे घेतले आणि मनात तुमच्यावर जरा रुसलेच. तुम्ही मला अर्धीच विद्या देऊन गेलात.

लिंबू-मिठाचं एक आहे, हातांना फार झोंबतं. दवाखान्यात दिवसभर सॅनिटायझर, घरी हे. माझीही बोटं आता आईसारखीच फाटतात. एका संध्याकाळी पोर आली ती पाठीपासून पोटापर्यंत लाल. शाळेच्या मैदानात लोळली होती. मी दिवसभराची थकलेली. तिला दारातच उभं केलं आणि माझे हात तिच्या नाकासमोर धरले. "बघ. बघ जरा ह्या हातांकडे. तुझ्यामुळे झालंय हे." तिने बघितलं. रडली नाही. माझ्या एका बोटाला हळूच फुंकर मारली आणि आत गेली. बोलताना मला तुमचा आवाज ऐकू आला, बाबा. तुम्ही मला जन्मात एकदाच ओरडलात. मीही पहिलीतच होते. तुमचं काम हलकं करावं म्हणून मी शर्ट न झटकताच बादलीत बुडवून ठेवला होता, आणि बादलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. पाळीवरून आल्या आल्या तुम्ही ते पाहिलं. "भिजवला! अवो, भिजवला ना! आता कितीक घासू मी?" एवढंच. लगेच तुम्ही मला उचलून घेतलंत, गूळ दिलात. पण त्या 'कितीक घासू' मध्ये एक दमलेला माणूस होता, तो मी तोवर पाहिलेला नव्हता.

माझ्या ओरडण्यानंतर पोर एकदम शहाणी झाली. शर्ट घरी यायचा तो जवळजवळ पांढरा, फक्त रस्त्याची धूळ तेवढी. मी खूश. लिंबं अर्ध्यावर आली. दिवेलागणीला मी भात टाकायचे, ती ओट्यावर पाय हलवत बसायची, आणि मी विचारायचे की आज काय खेळलीस. ती सांगायची. काय सांगायची, बाबा! साखळी करून पळालो, मग साखळी तुटली, मग एक मुलगी पडली, तिची रिबीन बकरीने खाल्ली. मी उलथणं हातात धरून हसायचे. एवढं खेळूनही शर्ट साफ ठेवते, म्हणजे पोर आजोबांवर गेली, असं मी नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा.

परवा तिच्या शाळेतल्या बाई दवाखान्यात आल्या, खोकल्याचं औषध घ्यायला. कोवळी मुलगी आहे, इकडचीच. औषध पिशवीत टाकलं तरी जाईना. मग म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. तुमची पोरगी सुट्टीत खेळत नाई. पायरीवर रुमाल टाकून बसून राह्यते. बाकीच्याइले पाहत राह्यते. मी म्हटलं, जा ना व, खेळ. तर म्हणते, नाई, निंबू लावून मम्मीचे हात झोंबते."

रांगेत माणसं होती. मी पुढच्या माणसाला गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक, जेवण झाल्यावर. त्याच्या मागच्याला दिल्या. कुणाला काय दिलं ते आठवत नाही, देवाच्या दयेने बरोबरच दिलं असेल. माझं सगळं लक्ष त्या पायरीवर होतं. मला ती पायरी नुसती दिसत नव्हती, तिचा गारवा मांड्यांना लागत होता.

काल सकाळी मी तिला कडक इस्त्रीचा शर्ट घातला, बटणं लावली आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. म्हटलं, आज हा शर्ट मळवून आण. तिला वाटलं मी चिडवते आहे. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, माझे हात माझे मी बघते, ते तुझं काम नाही, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. ती बराच वेळ माझं तोंड वाचत राहिली. मग गेली. शनिवारची अर्धी शाळा, दुपारी सुटली तेव्हा मी फाटकात उभी होते. रस्त्याच्या धुरळ्यातून एक छोटं लाल काहीतरी आलं. डोकं लाल, कान लाल, शर्टाचा एक खिसा लोंबत होता. मी विचारलं, काय खेळलीस गं आज? ती म्हणाली, "खेळलो." बस्स. पाणी प्यायली, वरणभाताचे चार घास खाल्ले आणि तशीच लाल माझ्या मांडीवर झोपून गेली. खरं खेळून आलेल्या पोराजवळ सांगायला काही उरत नाही, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. तो शर्ट आज सकाळी झटकत होते, आणि तुमची पाठ आठवली, आणि धुणं तसंच टाकून हे लिहायला बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. पोर उठली की मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढेल, काढू दे. तुम्हाला फक्त एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही ओरडलात त्याच्यानंतरची गोष्ट. शर्ट धुताना तुम्ही रोज विचारायचा, "आज काय खेळली व बाई?" आणि मी सांगायचे. लंगडीत मी कसं तिघींना बाद केलं, चिंचेभोवती कशी पळाले, कोण कुणावर पडलं. तुम्ही ब्रश थांबवून हसायचा. दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायांना सांगायचा की माह्या पोरीसारखी लंगडी कोणी खेळत नाई, अन शर्ट पाहा, बगळ्यासारखा. बाबा, त्या सबंध वर्षात मी एकदाही खेळले नाही. शाळेच्या ओट्यावर बसून दुसऱ्या मुलींचे खेळ पाठ करत होते, तुम्हाला सांगायला.