संच कशानं तापतो

११ मार्च १९६२, रविवार

नाही जाणार! लीलाबाईंच्या अंगणात पोत्यावर बसून मैनेचं गाणं ऐकायला मी जाणार नाही. काही झालं तरी नाही.

आज नळावर किती गोड आवाजात म्हणाल्या – "तुमची मैना नागपूरच्या रेडिओवर गानार, म्हने आमची वच्छला. या मंग त्या दिवशी आयकाले. आंगनात पोतं टाकून ठेवीन." अंगणात. ओट्यावर नाही. त्यांचा रेडिओ बैठकीत असतो. त्या खिडकी उघडी ठेवतात आणि आम्ही वस्तीतल्या बाया खाली उन्हात कान देऊन उभ्या. दीक्षा घेतली त्याला सहावं वर्ष चालू आहे. त्यांची वच्छला नि माझी मैना एका बाकावर बसतात. पण तो ओटा काही आमच्यासाठी खाली आला नाही.

मी म्हटलं, "कशाला तसदी? आमच्या घरीच लागेल रेडिओ."

बोलून गेले! घरात रेडिओ आहेच कुठे?

जेवताना यांना सांगितलं. घास हातातच राहिला. "कोनता रेडिओ?" म्हटलं, तुमच्या ट्रंकेतला. हे हसले तर हसले, सासूबाईसुद्धा हसल्या!

कार्यक्रम बावीस एप्रिलला, रविवारी. अर्ध्या तासाचा, मुलांचा. गाण्याच्या बाई तीन मुली घेऊन जाणार. मैना पुढे गाणार, वच्छला आणि आणखी एक मुलगी मागे साथीला. आणि हे गाणं अगदी शेवटी.

१४ मार्च

ट्रंक उघडली. दोन वर्षांपूर्वी यांनी हौसेनं टपालानं पुस्तक मागवलं होतं – घरच्या घरी रेडिओ जोडा! काही सामान नागपूरहून आणलं, काही इथल्या बाजारात पलटणीचं भंगार निघालं होतं त्यातलं. चार तारा जोडल्या, विजेचा झटका बसला, दोन दिवस हात झिणझिणत होता. झालं, गेलं सगळं ट्रंकेत. हे कचेरीत कारकून. टाक चालवतात तो मात्र सुरेख.

पत्र्याची बैठक, एक जड ट्रान्सफॉर्मर, पाच काचेचे व्हॉल्व्ह, स्पीकर. पुस्तक इंग्रजी. माझं मॅट्रिकचं इंग्रजी आजवर औषधाच्या बाटल्या वाचण्यापुरतं उपयोगी पडलं होतं. आता बघू.

नियम केला – आधी भिंतीतून प्लग काढायचा, मग त्रिशरण म्हणायचं, मग हात लावायचा. सासूबाई म्हणाल्या, "बुद्ध काय वायरमन आहे काय वं?" म्हटलं, तेवढं म्हणेपर्यंत आतली वीज उतरते!

१९ मार्च

सळई चुलीत तापवून कथील लावते. भाकरी आणि रेडिओ एकाच चुलीवर. एक टाका बरा येतो, दोन ओघळतात. बोट भाजलं. यांनी खोबरेल आणून दिलं. हसले नाहीत आज.

२१ मार्च

सगळं जोडून झालं. प्लग लावला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. आवाज – काही नाही! नुसती गुणगुण.

खुशालरावांच्या रेडिओच्या दुकानात यांना घेऊन गेले. ते बोलले यांच्याशीच. "देवमन, बाईले शिगडी घेऊन दे ना एखांदी नवी. हे काय खेळनं दिलं?" संच उघडूनसुद्धा पाहिला नाही. मी म्हटलं, "शिगडी आहे आमच्याकडं. रेडिओच नाही." आणि उचलून घरी आणला.

२३ मार्च

सापडलं! अंधार करून पाहिलं – चार व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे, एक मात्र विझत्या उदबत्तीसारखा. तो भंगारातला. पाय तितकेच, भोकात बसतो अगदी घट्ट. म्हणून कधी शंकाच आली नाही. काचेवरचे आकडे पुसट झाले होते, ओल्या चुन्यानं घासले तेव्हा दिसले. त्याच्या नावाच्या सुरुवातीला १२, आणि पुस्तकात त्या जागी लिहिलंय ६. पुढची अक्षरं तीच. मागचं कोष्टक काढून वाचलं – तो सुरुवातीचा आकडा म्हणजे त्याला लागणारे व्होल्ट. आमचा ट्रान्सफॉर्मर देतो सहाच. बिचारा अर्धपोटी बसला होता!

पाय बसले म्हणून घरात बसली असं समजतात, तसंच झालं. माझ्या लग्नात हीच चूक सगळ्यांनी केली होती. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "माह्यावर लिहून राहिली काय?"

२६ मार्च

सहाचा व्हॉल्व्ह आणला. खुशालरावांकडून नाही. यांनी मूर्तिजापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणला, कचेरीच्या कामाला गेले होते तेव्हा. मी सांगितलं नव्हतं.

२७ मार्च

आवाज आला! नागपूर! बाजारभाव सांगत होते – सरकी, तूर. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

३० मार्च

रेडिओ ठेवायचा कुठे यावर चर्चा नव्हतीच. घरातली सगळ्यांत वरची, सगळ्यांत स्वच्छ जागा म्हणजे कोनाडा. तिथे बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती. चहाच्या खोक्याच्या फळ्यांत संच बसवला होता, तो खालच्या फळीवर बरोबर मावला, जसा मापून केला. मी पांढऱ्या मांजरपाटाचं आवरण शिवलं, त्यावर निळ्या धाग्यानं कमळ काढलं. सासूबाईंनी झेंडूची माळ घातली. वंदनेची मेणबत्ती वरच्या फळीवर लावली. डोळे भरून आले माझे.

लीलाबाईंच्या रेडिओवर साधा टॉवेल असतो.

१ एप्रिल

वीस मिनिटं चालतो. मग घरघर, मग आवाज बसतो, मग गप्प. तासाभरानं पुन्हा लावला तर पुन्हा वीस मिनिटं. मैनेचं गाणं शेवटी! वीस मिनिटांनी कसं भागेल?

आणखी एकदा सगळे टाके तपासले. सहा व्होल्टच्या जागी सहाचाच व्हॉल्व्ह, पाय पायाच्या जागी. दोष कुठेच नाही.

४ एप्रिल

आज सासूबाईंशी भांडण झालं. आवरण नि झाकण काढलं तर आत मेण सांडलेलं! मी म्हटलं, "मेणबत्ती जरा सांभाळून लावत जा. झाकणाच्या फटीतून संचात मेण गेलं, म्हणून तो बंद पडतो." त्या तडकल्या. "तीस वर्सं दिवा लावून राहिली मी, एक थेंब सांडला नाई. मॅट्रिक झाली म्हनून काय सासूले मेन सांडाचं शिकवशीन?" जेवल्या नाहीत.

५ एप्रिल

चूक माझी.

मेण खरवडून ताटलीत घेतलं. मेणबत्तीचं मेण पांढरं असतं. हे पिवळट, त्याला डांबरासारखा वास. वरून पडलंच नव्हतं. संचातल्या कागदी कंडेन्सरवर मेणाचा लेप असतो, तो वितळून खाली आला होता. संच वीस मिनिटं चालवला, प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावला – चटका! तव्यासारखा तापलेला.

तीन बाजूंनी भिंत, समोर दुहेरी मांजरपाट, वर माळ, त्याच्यावर मेणबत्ती. रेडिओ मी कोनाड्यात ठेवला नव्हता, पाव भट्टीत ठेवतात तसा ठेवला होता. आणि वर कमळ काढलं!

सासूबाईंना म्हटलं, मेण तुमचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंग?" – म्हटलं, रेडिओचं होतं. "त्याले बी घाम येते काय?" आणि भाकर मागितली.

८ एप्रिल

संच कोनाड्यातून काढून स्टुलावर ठेवला. सासूबाई – "बाबासाहेबाच्या पायापासून खाली काढतं? लोकं काय म्हनतीन?" म्हटलं, तसबीर तापत नाही, हा तापतो. मान द्यायचा तर वारा द्या त्याला.

आवरणही काढलं. जीव तुटला जरा. उशीला घातलं.

९ एप्रिल

पस्तीस मिनिटं चालला. हे म्हणाले, "झालं ना! अर्ध्या तासाचा तर कार्यक्रम." मी म्हटलं, आधी गरम व्हायला पाच मिनिटं, मुलींना उशीर झाला तर? आणि त्या दिवशी घरात चाळीस माणसं असतील, आज आपण घरचेच. शिवाय आजचा पारा आणि बावीस तारखेचा पारा एक का?

यांनी सुचवलं, वाळ्याचा ओला पडदा लावू. पाण्याचे थेंब आणि वीज! झटका एकदा बसला तो विसरले वाटतं.

१५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक झाली. पाय दुखतात, पण डोकं चालतंय.

सकाळी चूल पेटवताना राख साचली होती म्हणून आग धरत नव्हती. खालची राख ओढली, वारा शिरला, भडकन् पेटली. धूर वर धुराड्यातून. वारा खालून आत येतो, गरम होऊन वरून जातो – रोज डोळ्यासमोर घडतं ते! आणि आमचा रेडिओ चहाच्या खोक्याच्या फळ्यांत बंद. बूड स्टुलाला टेकलेलं, वरून झाकण.

संच खोक्यातून काढून बाजूला ठेवला. बुडाला सळईनं भोकं पाडली, ट्रान्सफॉर्मरच्या बरोबर खाली जास्त. झाकण काढून तिथे जाळीचा पत्रा लावला – पीठ चाळायची जुनी चाळणी! संच परत बसवून खोका दोन विटांवर उभा केला. मेणाचे कंडेन्सर ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेऊन पुन्हा जोडले. हे दिवा धरून उभे राहिले पूर्ण वेळ. म्हणाले, "पुस्तकात हे नाई." म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला अकोल्याचा एप्रिल माहीत नसेल.

१६ एप्रिल

दीड तास! ट्रान्सफॉर्मर कोमट. मी स्वतःच बंद केला. तो बंद पडला नाही.

१८ एप्रिल

लीलाबाईंनी नळावर विचारलं, "काहो, लागला काय मंग तुमचा खोका?" म्हटलं, लागला. "वच्छला म्हने चाळनी ठोकली वरून." बायका हसल्या. म्हटलं, "हो ना. बातम्या चाळून येतात आमच्याकडं." मग मात्र माझ्या बाजूनं हसल्या!

२१ एप्रिल

मैना सकाळच्या गाडीनं गेली. नवीन झगा, दोन वेण्या, तेल जरा जास्तच झालं. स्टेशनावर गाण्याच्या बाईंच्या मागे उभी होती, वच्छला त्यांचा हात धरून. मैना म्हणाली, "आई, तू आयकशीन ना? तुह्याच रेडिओवर?" म्हटलं, पहिल्या शब्दापासून.

२२ एप्रिल, रविवार

ऐकलं!

कुठून लिहू? घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, दारात, खिडकीत माणसं. पार्बताबाई चांदूर रेल्वेहून वस्तीतल्या आपल्या लेकीकडे आल्या होत्या, त्या तर अगदी संचाला टेकून. मी सगळ्यांना दोन हात मागे सरकवलं – वारा सोडा! सासूबाई विंझणा घेऊन संचाच्या मागे बसल्या. माणसांना नाही, संचाला वारा घालत होत्या.

आधी गोष्ट झाली, मग कोडी. मग निवेदक म्हणाला, आता अकोल्याच्या मुली – आणि सगळे एकदम ओरडले, "चूप! चूप ना बे!" त्या चूप-चूपमध्येच नाव बुडालं. आणि गाणं सुरू झालं.

तेच चिमणीचं गाणं, दोन महिने घरात ऐकत होतो ते. पण आवाज आपल्या मैनेचा असून नसल्यासारखा. जरा जाड, जरा खाली. रेडिओतून तसाच येत असेल. पार्बताबाई रडत होत्या. हे दाराबाहेर तोंड करून उभे होते, चष्मा पुसत. मी रडले नाही. माझं अर्धं लक्ष ट्रान्सफॉर्मरवर होतं.

संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जशी मैना घरातच उभी आहे. गुळाचा खडा वाटला. संच आणखी अर्धा तास चालू ठेवला, मुद्दाम, खिडकी सताड उघडी ठेवून.

आवाज जाड का येतो ते पाहिलं पाहिजे. बहुधा स्पीकरचा कागद उन्हानं सैल झाला. उद्या काढून बघते. मैनेचा आवाज इतका पातळ, तो असा यायला नको.

२३ एप्रिल, सकाळ

नळावर लीलाबाई स्वतःहून बोलल्या. "आयकलं ना काल? काय गळा लागला पोरीचा!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, "हो, फार गोड." एवढं मोठं मन त्यांनी केलं याचं मला नवल वाटलं. घागर उचलू लागले तर हात लावला त्यांनी. पहिल्यांदाच.

२३ एप्रिल, संध्याकाळ

मैना आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आई, मी नाई गायली. तिथं गेल्यावर बाईनं वच्छलाले पुढं केलं. मले म्हने, तू मांगं राय." आवाज जाड नव्हता. तो वच्छलाचा होता. ते लीलाबाईंनी ओळखलं, मी नाही.

स्पीकर उघडायला पेचकस काढून ठेवला होता. परत डब्यात टाकला. संचात काही दोष नाही.

उद्या सकाळची शाळा. मी जाणार आहे बाईंकडे. मैना पुढं चालेल, मी मागं.