ऑल्डरमीरची उमरावकी

४ ऑक्टोबर १९७१, सकाळी ८
काल ह्यूगो गेला. ऑल्डरमीरचा नववा अर्ल. नाश्त्याला बसला तो उठलाच नाही. फार वाईट झालं. मूलबाळ नाही, म्हणजे दहावा अर्ल त्याचा चुलतभाऊ, माझा गॉडफ्री. आणि काउंटेस मी.
मला मोह नाही. शाळेत मदर पर्पेच्युआ आम्हाला नम्रता शिकवायच्या, आणि त्यात मी सलग तीन वर्षं पहिली आले होते. गॉडफ्रीला मात्र त्याचा मान मिळायला हवा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. आपण वरून तिसरे. बॅरनेटला तर उमरावांत धरतच नाहीत. लेडी ट्रबशॉचा नवरा बॅरनेट आहे. तेवीस वर्षं प्रत्येक मेजवानीला मानाच्या क्रमाने ती माझ्यापुढे आत शिरते.
हवेली कधीच विकली गेली, जमीनही. उरला तो किताब. मला तेवढाच पुरे.
'मुरियल ऑल्डरमीर' अशी सही चाळीस वेळा करून पाहिली. अक्षर सुधारावं म्हणून.

९ ऑक्टोबर
दफन. ह्यूगोची विधवा डोरीन, वय छत्तीस. लग्नाआधी लोकांची कुत्री सांभाळायची. रडून नाक लाल झालेलं. तिला धीर दिला. काळी हॅट मला बरी दिसते.

१४ ऑक्टोबर
वकील मि. पेनिफादर यांनी मोडता घातला. म्हणे, विधवेला दिवस गेलेले नाहीत याची खात्री होईपर्यंत कुणीच अर्ल नाही. मुलगा झाला तर जन्मल्या क्षणी तोच दहावा अर्ल. मुलगी झाली तर गॉडफ्री.
गॉडफ्री म्हणाला, घाई कुणाला आहे. मला तर मुळीच नाही. खात्री नेमकी कधी होते, एवढंच मि. पेनिफादरना विचारलं. दोनदा.

२ नोव्हेंबर
डोरीनला नाश्त्याला बोलावलं. किपर मासे मुद्दाम तळून, खिडक्या बंद ठेवून. दिवस गेलेल्या बाईला तो वास सहन होत नाही. तिने तीन खाल्ले. देव दयाळू आहे.
११ वाजता : गॉडफ्री तिला सोडून आला. वाटेत गाडी थांबवावी लागली, ओकली म्हणाला. मासे शिळे असणार.

२४ नोव्हेंबर
मासे ताजे होते. तिसरा महिना.
डोरीन स्वतः सांगायला आली. माझा हात धरून म्हणाली, "ह्यूगोला कळलंच नाही हो, मुरियल. सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं." मी म्हटलं, मुलगी अगदी तुझ्यासारखी होईल. मुलगीच, हे तीन वेळा म्हटलं. शुभ बोलावं माणसाने.
आजपासून तिच्या पोटाकडे बघायचं नाही असा निश्चय.

२५ नोव्हेंबर
बघितलं. पुढे आलेलं दिसलं. आईकडे बायका सांगायच्या, तसं असलं की मुलगा. त्या अडाणी बायका.

१२ डिसेंबर
चर्चमध्ये मेणबत्ती लावली. फादरनी विचारलं कशासाठी. बाळासाठी म्हटलं. खोटं नाही ते. मुलगी हेही बाळच.
बाजारात लेडी ट्रबशॉ भेटली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अगं मुरियल, अजून मिसेस फेनच का तू? लोक ताटकळत ठेवतात बाई." मी तोंड मिटून हसले. काउंटेस तसंच हसतात.
गॉडफ्री दर गुरुवारी डोरीनकडे बागेतला भाजीपाला घेऊन जातो. दोन-दोन तास बसतो. भावी अर्लला रयतेची काळजी असायचीच.

१९ जानेवारी १९७२
डोरीनचं मूल गेलं. पाचव्या महिन्यात. मुलगा होता. फार वाईट झालं.
तासाभराने : मि. पेनिफादरना फोन. मार्ग मोकळा. मग इस्पितळात पांढऱ्या लिली पाठवल्या, महागातल्या. कार्डवर सांत्वनाच्या दोन ओळी आणि सही. 'मुरियल ऑल्डरमीर'. पहिल्या फटक्यात सुरेख उतरली.

२१ जानेवारी
गॉडफ्री इस्पितळातून आला. माझं कार्ड त्याच्या खिशात. टेबलावर ठेवलं आणि फावडं घेऊन बागेत गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, तरी अंधार पडेपर्यंत खणत होता. जबाबदारीचं दडपण येतं माणसाला.

१० फेब्रुवारी
त्याला लंडनहून जाडजूड पाकीट आलं. दार लावून वाचतो, सह्या करतो. मला दाखवत नाही. सरप्राइज असणार. मीही त्याला न सांगता नव्या नावाची दोनशे कार्डं छापायला टाकली. लेडी ट्रबशॉला नमुना दाखवून आले. कागद जाड आहे म्हणाली.

३ मार्च
चहानंतर गॉडफ्रीने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी कायदा झालाय. वारशाने आलेला किताब वर्षाच्या आत आयुष्यभरासाठी सोडून देता येतो. त्याने सोडला. त्याच्याबरोबर बायकोचाही जातो. परत घेता येत नाही. तो मेल्यावर केनियातल्या पुतण्याला मिळेल.
मला विचारलं का नाहीस, म्हटलं. त्याने नॅपकिनची घडी घातली.
"ते त्या पोराचं नाव होतं, मुरियल. त्याला पुरायच्या आधी तू ते सही करून त्याच्या आईला पाठवलंस. मला नाही लावता येणार ते."
मग कपबशा विसळायला गेला.

४ मार्च
विचार केला तर, सोडणं हेच खरं मोठेपण. सोडायलाही आधी असावं लागतं. बॅरनेटला हा कायदा लागूच नाही. लेडी ट्रबशॉला फोन करून हे सगळं नीट समजावलं.  शेवटी ती म्हणाली, "मग त्या कार्डांचं काय करणार गं?"

१६ मार्च
गॉडफ्री चार दिवस डोरीनचं छप्पर दुरुस्त करतोय. जेवायला तिथेच.
दुपारी तिचाच फोन. विधवा म्हणून ती जन्मभर काउंटेस राहणार. जिल्ह्याच्या मेजवानीचं आमंत्रण आलंय तिला. लिलींबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "सगळ्यांत आधी मलाच आत जायचंय हो, एकटीने जायचं जिवावर येतं. तुम्ही येता का सोबतीला? सोबतिणींना मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी बसवतात. पण जेवण तेच असतं."
डायरी बघून सांगते म्हटलं.
बघितली. त्या दिवशी काही नाही. पुढेही नाही.