तुटणारी दोरी

आई,

काल बाजारात दोरी घ्यायला गेले होते. दुकानदाराने माझ्यापुढे रंगीबेरंगी रिळं मांडली आणि प्रत्येकाची एकच तारीफ केली, “आंटी, ही तुटणारच नाही.” मी म्हटलं, मला तुटणारी पाहिजे. तो माझ्याकडे बघतच राहिला. तुझ्याकडेही एकदा एक दुकानदार असाच बघत राहिला होता. ते आठवलं आणि आज हे लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझी एखादी शिवी आठवावी लागते, मग तिच्यामागून आवाज येतो.

बाबांची गिरणी संपात बंद पडली, ते वर्ष. मी कॉलेजात नुकती जायला लागले होते. दर रविवारी तू मला घेऊन बोरिवलीहून गोराईच्या खाडीवर मासे गरवायला जायचीस. काठी नाही, चक्र नाही. हातात दोरी, टोकाला शिशाचं वजन, गळ आणि कोलंबीचा तुकडा, मालवणात लहानपणी करायचीस तसंच. बायामाणसांनी का कुठे गरवायचं असतं, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या, आणि आपल्या स्टोव्हवर तांबोशीचं तिखलं रटरटायला लागलं की वाटी घेऊन दारात यायच्या. तू त्यांना वाढायचीस, पण एक टोमणा मारल्याशिवाय नाही. मला ते फार आवडायचं.

दोरी म्हणजे तेव्हा तंगूस, तो पारदर्शक नायलॉन. खडकात अडकला की तुटायचा. गळ गेला, वजन गेलं, कधी कधी संध्याकाळचं कालवणही गेलं. तंगूस तुटला की तू तो अपमान समजायचीस. एकदा एका मोठ्या शिंगाळा माशाने तर दोरी गुंडाळायच्या फळकुटासकट सगळं ओढून नेलं, तेव्हापासून तू दोरीच्या टोकाला फास करून तो डाव्या मनगटात अडकवायला लागलीस. आणि एके दिवशी म्हणालीस, आता गोफ विणलेली दोरी घ्यायची.

जाळ्यांचं सुतळीसामान विकणाऱ्या त्या दुकानात आपण किती वेळ उभ्या होतो! चांगल्या बारीक गोफाचा भाव ऐकून तू ती दोरी विंचू असल्यासारखी खाली ठेवलीस. सुती गोफ स्वस्त होता, पण तू तो नखाने उसवून पाहिलास आणि म्हणालीस, चार रविवारांत कुजेल. मग तुझी नजर कोपऱ्यातल्या एका हिरव्या गुंडाळीवर गेली. मोठ्या होडीवाल्यांसाठी कापलेल्या दोरीचा उरलेला तुकडा. तू तो थुंकीने भिजवलास, गाठ मारलीस, एक टोक पायाखाली धरून ओढलंस, दाताने चावून पाहिलंस. दुकानदार हसला. “बाई, हिनं म्हैस बांधा. तुकडा आहे, अर्ध्या भावात न्या.” मी म्हटलं, आई, ही आखूड आहे आणि जाड आहे, तो बारीक गोफ थोडासाच घेऊया. तू माझ्याकडे वळलीस. “गप ऱ्हव गो. तुटता ती दोरी कसली?” सबंध रस्ताभर तू ती गुंडाळी पदराखाली धरून चालत होतीस. इतकं खूश मी तुला त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

पुढचा रविवार. भर दुपार, ओहोटी पार खाली गेलेली. लोकांनी बघू नये म्हणून आपण धक्क्यापासून लांब, तिवरांच्या पलीकडच्या खडकांवर आहोत. तू अगदी खालच्या खडकावर, घोट्याभर पाण्यात. तुझ्यापुढे एका पावलावर खोल चर आहे. तू दोरी भिरकावतेस, ती पूर्ण सुटते, आणि पहिल्याच फटक्याला गळ खाली कशात तरी अडकतो. तू ओढतेस. तंगूस असता तर तेव्हाच तुटला असता. तू दोन्ही हातांनी, सगळं अंग मागे टाकून ओढतेस, पुन्हा ओढतेस, आणि मनगटातला फास आवळत आवळत मांसात रुततो.

भरती लागली तेव्हा आपल्याला कळलं. दोरी संपली होती. वर यायला तुला आणखी हातभर दोरी हवी होती आणि ती नव्हती. पुढे सरकून ढील द्यावी तर पुढे चर. मी खाली उतरले, नखांनी गाठ सोडवायला गेले, दातांनी गेले, पण ओला नायलॉन दगडासारखा घट्ट झाला होता. सुरी आणलीच नव्हती, मासे घरी साफ करायचे असायचे. मी ओरडले. लांबवर लाँचचं इंजिन धडधडत होतं, कोणाला काय ऐकू जाणार? पाणी गुडघ्यांवर आलं, मग कमरेला. तुझी बोटं निळी पडली होती आणि तू मात्र मला साडी भिजवल्याबद्दल बोलत होतीस. मग एकाएकी अगदी साध्या आवाजात, दूध उतू गेलं तर बघ असं सांगावं तसं म्हणालीस, “तू वर जा. घराक जा. धाकट्यांका बघ.”

आई, त्या क्षणी मला तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचाच आला नाही. भीती नंतर वाटली. आधी राग. सगळं एकटीने ठरवायची तुझी ती सवय! अर्ध्या भावाचा तुकडा ठरवलास, आता हेही ठरवून मोकळी. मी तुला शिवी दिली, तुझीच एक. खडकाला कालवं चिकटलेली होती. पाण्यात हात घालून मी एक शिंप दगडाने फोडली, तळवा फाटला, पण धारेचा तुकडा हाती आला. दोरी ताणलेली होती, तिच्यावर मी तो करवतीसारखा घासायला लागले. गोफाचा एक पदर तुटला, मग दुसरा. पाणी तुझ्या छातीला लागलं होतं. आणि तू काय ओरडावंस? “हातापाशी कापू नको! खाली काप, खाली! दोरी वाचव!”

मी हातापाशीच कापली. आपण दोघी मागे खडकावर आदळलो. तुझ्या मनगटात हिरवं कडं तेवढं उरलं, बाकी सगळा तुकडा खाडीत. तू उठलीस आणि माझ्या पाठीत एक रपाटा घातलास. मग परत येताना बसमध्ये माझा फाटलेला तळवा पदरात घट्ट धरून बसलीस. घरी बाबांनी विचारलं, काय झालं? “दोरी तुटली,” तू म्हणालीस. बाबांनी तुझ्या मनगटाकडे पाहिलं, दाढीचं ब्लेड आणलं आणि ते कडं हळूहळू कापून काढलं. त्या दिवसाबद्दल आपण तिघंही पुन्हा कधी बोललो नाही, आणि मला ते वर्षानुवर्षं सलत राहिलं. निदान “मी घाबरलंय गो” एवढं तरी म्हणायचंस.

पण तू काही दिवसांनी मला घेऊन त्याच दुकानात गेलीस. बारीक गोफ मागितलास, हवी तेवढी लांब दोरी मापून घेतलीस, भावावरून भरपूर भांडलीस. आणि मग म्हणालीस, “आता तुटणारी द्या.” दुकानदार बघतच राहिला. तू त्याच्या डब्यातला सगळ्यात हलका तंगूस निवडलास आणि घरी येऊन गोफाच्या टोकाला त्याचा हातभर तुकडा बांधून मग त्याला गळ लावलास. अडकलं तर तेवढंच तुटावं, म्हणून.

त्या रविवारी गळ खडकात अडकला. तू एकच हिसका दिलास, टक् झालं, आणि मोकळी दोरी तुझ्या हातात आली. तंगूस तुटला की खाडी डोक्यावर घेणारी तू, माझ्याकडे वळून हसायला लागलीस. “तुटली बग! बगलंस? तुटली!” हसता हसता डोळे पुसलेस. तुझं जे काही म्हणायचं राहिलं होतं ते मला तिथेच पोचलं, फक्त कळायला अर्धं आयुष्य लागलं.

आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाच्या किती तरी पुढे गेले आहे. रविवारी अजून जाते. माझ्या पिशवीत सुरी असते, गोफाच्या टोकाला हातभर तंगूस असतो, सगळं तुझ्या पद्धतीने. मुलीने परवा मुलुंडहून येऊन माझा हात धरला आणि ओरडली, “आई, मनगटाला काय हे वळ? दोरी बांधतेस? वेड लागलंय का तुला?” मी म्हटलं, बांगडी रुतली. तिला यातलं काहीच मी सांगितलेलं नाही. काल आणलेली दोरी गुंडाळायला पुठ्ठा सापडत नाहीये, तेव्हा हा कागद घडी करून त्यावरच गुंडाळेन.

हो, बांधते मी मनगटाला. मासा लागला की एक हिसका बसतो, आणि तेवढा वेळ मला वाटतं की त्या टोकाला तू आहेस, आणि तू सांगितलंस तरी मी काही वर गेलेली नाही.